रात्रभराची शिदोरी

आज एक साधा हिशेब मांडू या. समजा, तुम्ही रात्री साडेआठला जेवलात, दहाला झोपलात आणि सकाळी सातला दूध प्यालात. म्हणजे साडेदहा तास तुमच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. आता दिवसाचे पाहा. सकाळी दहाला जेवून शाळेत गेलात, तर दुपारची सुट्टी होईपर्यंत धीर निघत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत तर फळ्याकडे कमी आणि डब्याकडेच जास्त लक्ष असते. मग रात्री साडेदहा तास उपाशी राहूनही आपल्याला भुकेने जाग का येत नाही?

हा प्रश्न मी वर्गात विचारतो, तेव्हा एक उत्तर हमखास मिळते : "सर, झोपेत शरीराला काही काम नसते." हे उत्तर बरोबर नाही. झोपेतही हृदय चालू असते, छातीचा भाता चालू असतो आणि शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. गाढ झोपेत मेंदू थोडा सैलावतो खरा. पण आपल्याला स्वप्ने पडत असतात तेव्हा तो जवळजवळ जागेपणीइतकेच इंधन जाळत असतो. मग हे इंधन येते कुठून?

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. पण टाकीत पाणी किती आहे आणि नळातून दर मिनिटाला किती वाहते, हा हिशेब आमच्याच विषयातला. त्याच वाटेने आपण पुढे जाऊ.

चमचाभर साखरेवर संसार

मेंदूचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज ही साखर. ती त्याला रक्तातून मिळते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. आता गुणाकार करा. एकूण साखर भरते ४.५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा!

आता खर्चाची बाजू पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो. बाकीच्या शरीराचा वाटा धरला, तर ६० किलो वजनाच्या माणसाला रात्री तासाला सुमारे ७ ग्रॅम लागते. याचा अर्थ, रक्तातली साखर तासभरसुद्धा पुरणार नाही. पेशींच्या भोवतालच्या द्रवातही थोडी साखर असते. ती जमेस धरली, तरी जेमतेम दोन तासांची सोय होते. दहाला झोपलेल्या माणसाची टाकी बाराच्या आत कोरडी पडायला हवी.

प्रत्यक्षात तसे होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातली साखर रात्रभर जवळजवळ एकाच पातळीवर राहते. टाकीतून पाणी सारखे वाहत असूनही पातळी खाली जात नसेल, तर त्याचा अर्थ काय? जितके बाहेर जाते, तितकेच कोणीतरी आत ओतत आहे.

यकृताचे कोठार

हा 'कोणीतरी' शोधून काढण्याचे श्रेय क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे. त्या काळी असा समज होता की, प्राण्याच्या शरीरातली साखर फक्त खाल्लेल्या अन्नातून येते. १८४८ मध्ये बेर्नारला आढळले की, ज्याच्या आहारात साखर मुळीच नाही अशा प्राण्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते. पुढे त्याने एक सुंदर प्रयोग केला. ताजे यकृत घेऊन त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याचा प्रवाह सोडला आणि त्यात साखरेचा मागमूस उरला नाही, इतके ते धुऊन काढले. मग ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी तपासले, तर त्यात पुन्हा साखर! धुऊन न जाणारा कोणता तरी पदार्थ यकृतात आहे आणि त्यापासून साखर बनते, हे उघड झाले. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला. त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतो.

ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांत गुंफून केलेली साठवण. सुगीत धान्य कणगीत भरावे आणि पुढे लागेल तसे काढावे, तसे यकृत जेवणानंतर साखर साठवते आणि रात्री थोडी थोडी रक्तात सोडते. चांगल्या जेवणानंतर प्रौढाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. आठ तासांच्या झोपेचा खर्च सात आठे छप्पन्न ग्रॅम. शिवाय रात्र सरत जाते तसे यकृत इतर पदार्थांपासून नवे ग्लुकोजही तयार करू लागते. तेव्हा कोठार पहाटेपर्यंत सहज पुरते.

पण किती सोडायचे, हे यकृताला कसे कळते? घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिला असेल. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ उघडतो. आपल्या शरीरात हे काम स्वादुपिंडातून निघणारी दोन संप्रेरके करतात. साखर वाढली की इन्सुलिन स्रवते; ते पेशींना साखर घ्यायला लावते आणि यकृताचा नळ आवळते. साखर उतरू लागली की इन्सुलिन कमी होते, ग्लुकॅगॉन वाढते आणि यकृताचा नळ उघडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. झोप नीट होण्यासाठी नुसता साठा असून भागत नाही. त्या साठ्यातून साखर योग्य वेगाने बाहेर पडली पाहिजे. साठा आणि प्रवाहाचा वेग या दोन वेगवेगळ्या राशी आहेत. त्यांतला फरक किती महत्त्वाचा आहे, हे आता एका विचित्र आजारावरून पाहू.

कोठार भरलेले, पण कुलूप उघडेना

१९२९ मध्ये एडगर फोन गिर्के या जर्मन डॉक्टरने दोन मृत बालकांची यकृते तपासली. ती नेहमीपेक्षा खूप मोठी होती आणि ग्लायकोजेनने ठासून भरलेली होती. कोठार असे भरलेले असूनही या आजाराच्या बालकांच्या रक्तात साखर मात्र फार कमी आढळते. हे कोडे १९५२ मध्ये गर्टी व कार्ल कोरी या दांपत्याने सोडवले. या दोघांना त्याआधीच, १९४७ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले होते.

साठवलेल्या साखरेला यकृताच्या पेशीतून बाहेर पडण्यापूर्वी एक शेवटची पायरी ओलांडावी लागते. ती ओलांडून देणारे एक विकर असते. रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला विकर म्हणतात. या विकराचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. तुमच्या स्नायूंतही ग्लायकोजेन असते, आणि तेही यकृतातल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण स्नायूंजवळ ही किल्ली नसते. त्यामुळे त्यांचा साठा त्यांच्याच कामी येतो, रक्ताला मिळत नाही. गिर्केच्या आजारात नेमकी यकृताचीच किल्ली जन्मापासून हरवलेली असते. यकृताने नव्याने बनवलेली साखरही याच दारातून बाहेर पडते, म्हणून तीही अडकते.

हा आजार फार दुर्मिळ आहे. साधारण लाखात एका बालकाला होतो. पण ज्या घरात होतो, त्या घराची रात्र कशी जात असेल याची कल्पना करा. दूध पाजल्यावर तीन-चार तासांत बाळाची साखर धोकादायक पातळीला उतरते. त्याला घाम फुटतो, ते निपचित पडते, कधी झटके येतात. म्हणजे बाळ रडून सांगेल असाही भरवसा नाही. आईवडिलांनी गजर लावून दर दोन-तीन तासांनी उठायचे, झोपलेल्या मुलाला जागे करायचे आणि भरवायचे. एका रात्री गजर ऐकू आला नाही, तर त्याची किंमत मुलाचा जीव. आणि असे एकदोन रात्री नव्हे, वर्षानुवर्षे.

१९७० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी एक उपाय काढला. मुलाच्या नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालायची आणि पंपाने रात्रभर थेंब थेंब साखरेचे द्रावण सोडत राहायचे. बिघडलेल्या नळाच्या जागी बाहेरून दुसरा नळ बसवला, असेच म्हणा ना! उपाय गुणकारी ठरला, पण नळी निसटली किंवा पंप बंद पडला की पुन्हा संकट.

पुढचा उपाय मात्र स्वयंपाकघरातून आला. १९८४ मध्ये अमेरिकेतील चेन, कॉर्नब्लाथ व सिडबरी या डॉक्टरांनी जाहीर केले की, मक्याचे कच्चे पिष्ट थंड पाण्यात कालवून दिले, तर अशा मुलांची साखर कित्येक तास टिकून राहते. दोन-तीन तासांची मुदत पाच-सहा तासांवर गेली. पुढे उष्णता व ओलावा यांची खास प्रक्रिया केलेले पिष्ट निघाले. ते काही रुग्णांना याहूनही जास्त वेळ पुरते. अगदी तान्ह्या बाळांना हा उपाय चालत नाही, कारण पिष्ट पचवणारा रस त्यांच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. किती आणि केव्हा द्यायचे, हेही डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पण अनेक घरांतील रात्रीचे गजर कमी झाले, ते आपल्या ओळखीच्या कॉर्नफ्लॉवरमुळे.

कच्चे का? शिजवलेले का नाही?

पिष्ट म्हणजेही ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब साखळ्या. कच्च्या पिष्टाच्या सूक्ष्म कणांत या साखळ्या अतिशय दाट आणि शिस्तीत रचलेल्या असतात. क्ष-किरणांनी पाहिले तर त्यांच्यात स्फटिकासारखी रचना दिसते. अशा कणात पाचक रसाला एकदम शिरता येत नाही. तो कडेकडेने पोखरत जातो. पाण्यासह तापवले की सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला मक्याचे कण पाणी पिऊन फुगतात, रचना मोडते आणि खळ तयार होते. खळीतल्या साखळ्या मोकळ्या असतात. पाचक रस त्या भराभर तोडतो आणि साखर एकदम रक्तात लोटते. पदार्थ तोच, साखरेचे वजन तेच. फक्त प्रवाहाचा वेग बदलला.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. एका परीक्षानळीत चिमूटभर कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात ढवळा. दुसऱ्या नळीत तेवढेच कॉर्नफ्लॉवर तेवढ्याच पाण्यात घेऊन उकळा आणि कोमट होऊ द्या. दोन्हींत सारखीच लाळ मिसळून नळ्या पंधरा मिनिटे कोमट पाण्यात उभ्या करा. मग प्रत्येकीत आयोडीनच्या विरल द्रावणाचे दोन थेंब टाका. कच्च्या पिठाच्या नळीत गडद निळा रंग दिसेल. शिजवलेल्या पिठाच्या नळीत तो फिका पडलेला किंवा नाहीसा झालेला दिसेल, कारण लाळेने तेथील पिष्ट तोडून टाकलेले असते. प्रयोग शिक्षकांसमोर करा आणि आयोडीन तोंडात जाऊ देऊ नका.

मग आपण झोपताना काही खावे का?

आता कोणी म्हणेल, "रात्री मध्येच जाग येते ती साखर उतरल्यामुळे, झोपताना काहीतरी गोड खावे." निरोगी माणसाला हे लागू पडत नाही. तुमच्या यकृताची किल्ली शाबूत आहे. रात्री दोनतीनदा थोडीशी जाग येऊन पुन्हा डोळा लागणे हेही स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा सकाळी ते आठवतही नाही. झोपताना पेलाभर साखरपाणी प्यालात, तर साखर वर चढेल, इन्सुलिन धावून येईल, यकृताचा नळ तेवढा वेळ आवळला जाईल आणि दोन-तीन तासांत सारे पूर्ववत होईल. पहाटेसाठी या साखरपाण्याची गरज नसते.

मात्र आहाराचा झोपेवर काहीच परिणाम होत नाही, असे समजू नका. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात बारा तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी चार तास लवकर पचणाऱ्या तांदळाचा भात खाल्ला, तेव्हा त्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली. सावकाश पचणाऱ्या तांदळाचा भात खाल्ला, तेव्हा साडेसतरा मिनिटे लागली. पण झोप लवकर लागणे वेगळे आणि ती न मोडणे वेगळे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये २६ प्रौढांची झोप यंत्रांनी मोजली. ज्या दिवशी आहारात चोथा अधिक, त्या रात्री गाढ झोप अधिक. आणि साखर अधिक असेल, तेव्हा झोप वारंवार चाळवलेली, असे आढळले. बारा आणि सव्वीस या संख्या लहान आहेत. त्यांवरून नियम सांगायचा नसतो, दिशा तेवढी पाहायची असते. ती दिशा आपल्या घरच्या ताटाला धरूनच आहे : भाकरी किंवा पोळी, उसळ, भाजी, वरण, आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपलेले जेवण. भरल्या पोटी लगेच आडवे झाले, तर जठरातले आम्ल वर येऊन छातीत जळजळते आणि तीच झोप मोडते.

परीक्षेच्या दिवसांतल्या चहा-कॉफीविषयीही सांगतो. २०१३ मधील एका प्रयोगात, झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप एक तासाहून अधिक घटली. ही मात्रा मोठी आहे, तीनचार कप कडक कॉफीइतकी. पण रात्र जागून काढणारा विद्यार्थी तिच्या जवळपास सहज पोचतो. आणि झोप तोडल्याचे पैसे साखरेच्या खात्यातूनही वसूल होतात. १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास अंथरुणावर राहू दिले, तेव्हा रक्तातली जादा साखर निपटण्याचा त्यांचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. आहाराचा झोपेवर परिणाम होतो, तसा झोपेचाही साखरेवर होतो.

वसतिगृहातली एक रात्र

काही वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. एका रात्री अडीचच्या सुमारास दोन मुले धापा टाकत माझ्या दाराशी आली. त्यांच्या खोलीतला एक मुलगा झोपेत असंबद्ध बडबडत होता आणि त्याचा सदरा घामाने निथळत होता. त्यांना वाटले, ताप डोक्यात गेला. मी गेलो. उशाशी पडलेल्या पेटीत इन्सुलिनची कुपी दिसली आणि उलगडा झाला. मुलगा मधुमेही होता. संध्याकाळी कबड्डीचा सराव लांबला, दमून त्याने रात्री दोन घासांवर उठून इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच टोचून घेतले होते.

आपल्या टाकीच्या भाषेत पाहा. शरीरातले इन्सुलिन गरजेप्रमाणे कमी होते, पण टोचलेले इन्सुलिन मागे फिरत नाही. पाणी उतरले तरी यकृताचा नळ आवळलेलाच राहतो. शिवाय खेळानंतर कित्येक तास स्नायू रक्तातली साखर ओढत असतात. अशा वेळी ॲड्रेनलिन स्रवून घाम, थरथर, धडधड सुरू होते आणि माणूस जागा होतो. पण झोपेत ही धोक्याची घंटा क्षीण वाजते. म्हणून शेजारी झोपलेल्याला लक्षणे ठाऊक असावी लागतात.

तो मुलगा हाक मारल्यावर ओ देत होता आणि त्याला गिळता येत होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पाव तासाने पुन्हा दिली. मग तो उठून बसला आणि "काय झालं?" असे विचारू लागला. थोडे दूध-बिस्किटे खायला घालून आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. तो बेशुद्ध असता, तर तोंडात काहीही घालणे धोक्याचे होते. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तेव्हा थेट रुग्णालयच गाठायचे. "खोलीत आधी का सांगितले नाहीस?" असे विचारल्यावर तो खाली पाहत म्हणाला, "सगळे हसतील असं वाटलं, सर." त्या लाजेपायी त्याचा जीव जाऊ शकला असता.

याच्या उलट प्रकारही ओळखून ठेवा. साखर दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवता येत नाही. लघवीत उतरलेली साखर परासरणाने आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मग रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागते आणि घशाला कोरड पडते. घरात कोणी असे उठत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. कारणे इतरही असतात, पण रक्त तपासून घ्यायला सांगा.

आता तुम्ही दोन गोष्टी करा. एक, कॉर्नफ्लॉवरचा प्रयोग करून पाहा आणि तांदळाचे व गव्हाचे पीठ घेऊन त्याची तुलना करा. दुसरी, तुमच्या घरी, वर्गात किंवा वसतिगृहात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर साखरेचा डबा कुठे ठेवायचा आणि घाम फुटल्यावर काय करायचे, हे त्याच्याकडूनच आज विचारून घ्या. रात्री अडीच वाजता विचारायला वेळ नसतो.